शाळेमार्फत घरी कॉम्प्युटर: हे गणित जमतं कसं?

बारावी सायन्सची एक मुलगी परीक्षेच्या आधी आमच्या अभ्यासिकेत सीईटीच्या सरावाला बसली होती. राहायला सोलापुरात, विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत, आई विड्या वळते, वडील मागावर. रसायनशास्त्राचा पहिला प्रश्न आला. उत्तर तिला येत होतं. तिनं सरळ बोट पुढं करून मॉनिटरवर टेकवलं. काही झालं नाही. पुन्हा टेकवलं, जरा जोरात. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, हे हँग झालंय." माउस तिच्या उजव्या हाताशीच होता.

चूक तिची नव्हती. दोन वर्षं सगळा अभ्यास तिनं आईच्या फोनवर केला होता, आणि फोनला बोट लावलं की तो चालतो. पण एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर होते. जेईई मेनही कॉम्प्युटरवरच. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आणि शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचे असतात. दहावीच्या पुढची जवळजवळ प्रत्येक पायरी आता कीबोर्ड-माउसवरून चढायची आहे. या मुलीच्या घरात त्यातलं काहीच नाही, आणि शहराच्या पूर्व भागातल्या बहुतेक घरांची हीच गत आहे.

म्हणून हा लेख. गरीब घरात परवडेल असा कॉम्प्युटर आणि इंटरनेट शाळेमार्फत पोचवता येतो का, कुठं पोचवलाय, पैसा कुठून येतो आणि गाडी कुठं अडकते, हे सगळं नीट समजून घेऊ.

आधी एक शंका मिटवू. प्रत्येकाकडं फोन आहे, मग कॉम्प्युटर कशाला? फोन खरोखरच पोचलाय. शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या जवळपास ९० टक्के मुलांनी घरी स्मार्टफोन असल्याचं सांगितलं. कॉम्प्युटरचं चित्र अगदी वेगळं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीनुसार देशात ग्रामीण भागातल्या जेमतेम ४ टक्के आणि शहरातल्या सुमारे २३ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. आकडे जुने आहेत, पण दरी किती मोठी होती ते त्यातून कळतं.

आता फोनवर महाडीबीटीचा अर्ज भरून बघा. उत्पन्नाचा दाखला ठरावीक आकारात बसवून अपलोड करायचा, एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत बघून माहिती भरायची. मध्येच फोन आला की पान गेलं. ओटीपी येतो वडिलांच्या नंबरवर, आणि वडील दुसऱ्या पाळीला कारखान्यात. शेवटी मूल ऑनलाइन सेंटरवर जातं, पन्नास-शंभर रुपये देतं, आणि दुसऱ्याच कुणीतरी घाईत त्याचा अर्ज भरतो. जातीच्या दाखल्याचा क्रमांक चुकला, शाखा चुकली, की वर्ष वाया. लेखन तर सोडूनच द्या. दोन पानांचा प्रकल्प अंगठ्यानं टाईप करणारी मुलं मी रोज बघते. दोन ओळी लिहून झाल्या की वरचं दिसत नाही, मग परत वाचून सुधारायचं कसं?

आता हे काम शाळेनं का करावं, ते बघू. अमेरिकेत 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाची व्यवस्था असते. आपल्याकडं ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग आणि शहरात महापालिकेच्या शाळांचा विभाग असतो, साधारण तसंच. फरक एवढाच की तिथल्या बहुतेक डिस्ट्रिक्टना स्वतःचं निवडून आलेलं मंडळ असतं आणि मालमत्ता करातून त्यांना थेट पैसा मिळतो. त्यामुळे एखादं डिस्ट्रिक्ट स्वतःच्या बळावर हजारो लॅपटॉप खरेदी करू शकतं. आपल्या शाळांना ते जमत नाही, त्यांना निधी वरून यावा लागतो. पण एक गोष्ट दोन्हीकडं सारखी आहे: कोणत्या घरात किती मुलं आहेत, कुणाचे वडील काय करतात, कुणाला खरी गरज आहे, हे शाळेला आधीच माहीत असतं. दुकानदाराला, बँकेला, मोबाइल कंपनीला ते माहीत नसतं.

अमेरिकेतल्या मेन राज्यानं २००२ मध्ये सातवीच्या सगळ्या मुलांना लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. व्हर्जिनिया राज्यातल्या हेनरिको काउंटीनं त्याच्याही आधी, २००१ मध्ये, मुलांच्या हाती ॲपलचे आयबुक दिले होते. त्याच हेनरिकोची एक गोष्ट मी कुठंही हा विषय निघाला की सांगते. चार वर्षं वापरलेले १,००० आयबुक त्यांनी ऑगस्ट २००५ मध्ये ५० डॉलरला एक या भावानं विकायला काढले. एकच जागा, एकच दिवस, जो आधी येईल त्याला. हजारो लोक आले, दार उघडताच चेंगराचेंगरी झाली, माणसं जखमी झाली. लॅपटॉप घ्यायची इच्छा किती घरांत होती, ते त्या दिवशी दिसलं. आणि वाटपाची पद्धत चुकली की चांगल्या योजनेचं काय होतं, तेही. ज्यांना ढकलाढकली जमत नव्हती, लहान मूल कडेवर होतं, कामावरून सुट्टी मिळत नव्हती, ते मागं राहिले. शाळेत वर्गवार यादी लावून हेच काम शांतपणे झालं असतं.

यादी करायची म्हटली की आपल्याकडं लगेच दाखल्यांची रास लागते. यावर एक सोपा उपाय तिथं निघाला. २०११ मध्ये कॉमकास्ट या कंपनीनं गरीब घरांसाठी महिना ९.९५ डॉलरमध्ये इंटरनेट आणि सवलतीत कॉम्प्युटर द्यायला सुरुवात केली. पात्रता काय? मुलाला शाळेत सरकारी मोफत जेवण मिळत असलं पाहिजे. नवा दाखला नको, नवी चौकशी नको. आपल्याकडं पोषण आहार आठवीपर्यंत सगळ्याच मुलांना असतो, त्यामुळे तो निकष चालणार नाही, पण पिवळं-केशरी रेशनकार्ड आहे, विडी कामगारांचं ओळखपत्र आहे. एकदा सिद्ध झालेली गरिबी पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावू नये. तहसीलच्या रांगेत गेलेला एक दिवस म्हणजे त्या बाईची एका दिवसाची मजुरी असते.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते उदाहरण मात्र अमेरिकेचं नाही, केरळचं आहे. कारण ते भिशीचं आहे.

कोरोनात शाळा बंद पडल्यावर केरळ सरकारनं 'विद्याश्री' ही योजना आणली. तिथं कुटुंबश्री नावाचं महिला बचत गटांचं फार मोठं जाळं आहे, आणि केएसएफई ही सरकारी मालकीची चिटफंड चालवणारी कंपनी आहे. दोघांनी मिळून केलं असं: गटातल्या बाईनं महिना ५०० रुपये भरायचे, ३० महिने. एकूण १५,००० रुपये. आपल्या नेहमीच्या भिशीत ३० जणी असल्या तर शेवटच्या बाईला अडीच वर्षं थांबावं लागतं. इथं तसं नव्हतं. पहिले तीन हप्ते भरले की लॅपटॉप घेता येत होता, उरलेले हप्ते नंतर भरत राहायचे. उरलेली रक्कम आधी कंपनीनं घालायची. ती बुडण्याची भीती कमी, कारण गटातल्या बाया एकमेकींना ओळखतात आणि हप्ता चुकला तर मीटिंगला तोंड दाखवायचं असतं. खरेदी एकदम मोठी, म्हणून भावही कमी.

ही योजना सुरळीत पार पडली असं मात्र नाही. लॅपटॉप पोचायला उशीर झाला आणि आलेल्या काही यंत्रांत बिघाड निघाले. हप्ते भरून झालेत आणि घरात यंत्र नाही, अशी वेळ आली की बाईचा गटावरचाही विश्वास उडतो. म्हणून सगळे एकाच कंपनीकडून, एकाच वेळी घेण्यापेक्षा थोडे थोडे घ्यावेत, आणि गॅरंटीचा कागद शाळेच्या ताब्यात असावा, असं माझं मत झालंय.

पालकसभेत मी हा विषय काढला तेव्हा फळ्यावर लॅपटॉपचं चित्र काढून त्याचे फायदे सांगत होते. मागून एक आई म्हणाली, "बाई, ते आम्हाला कळतंय. हप्ता किती बसंल ते सांगा आधी." मी ५०० लिहिलं. ती बोटांवर मोजत बसली. तेवढ्यासाठी जादा किती विड्या वळाव्या लागतील, त्याचा तिचा हिशेब चालला होता. शेजारची म्हणाली, "सणाच्या महिन्यात नाही जमायचं गं." सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचा महिना, दिवाळीचा महिना, शाळा उघडायचा जून, हे तीन महिने हप्त्याला जड जातात. त्या महिन्यांतला हप्ता पुढं ढकलायची मुभा ठेवली तर कुणाचंच बिघडत नाही. योजना मंत्रालयात बसून आखली की हे सुचत नाही, त्या बाकावर बसलेल्या बाईला सुचतं.

पंधरा हजारांत लॅपटॉप येतो का? नवा, बरा, अवघड आहे. पण कंपन्या आणि बँका तीन-चार वर्षं वापरून लॅपटॉप बदलतात, आणि ते दुरुस्त करून विकणारा मोठा बाजार आहे. त्यातच मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० साठी नियमित अपडेट देणं थांबवलं. त्यामुळे विंडोज ११ न चालणारी चांगली धडधाकट यंत्रं बाहेर पडतायत. त्यांच्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकली की टायपिंग, इंटरनेट, व्हिडिओ, सीईटीचा सराव, सगळं होतं, आणि मराठीही नीट लिहिता येतं. घेताना तीनच गोष्टी बघा: रॅम ८ जीबी असावी, आत जुनी फिरती हार्ड डिस्क नसून एसएसडी असावी, आणि बॅटरी निदान दीड-दोन तास टिकावी. प्रोसेसरच्या नावावरून होणारी चर्चा आपल्या कामाला फारशी लागत नाही. बॅटरी मात्र लागते, कारण उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. याच कारणानं मी घरासाठी डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप सुचवते. विजेचं बिल वाढेल ही भीती नको: ४० वॉटचा लॅपटॉप रोज तीन तास चालला तर महिन्याला साडेतीन-चार युनिट होतात.

जुनी यंत्रं मोफतही मिळू शकतात. कंपनी कायदा २०१३ नुसार ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि शिक्षण त्यात बसतं. पण इथंच सावध राहायला हवं. ओळखीच्या एका शाळेत असे देणगीचे दहा कॉम्प्युटर आले, फोटो निघाले, नारळ फुटला. दोन वर्षांनी मी गेले तेव्हा ते निळ्या कापडाखाली झाकलेले होते. एकाचा पॉवर सप्लाय गेला होता, दोनांना माउस नव्हते, बाकीचे चालू होते, पण "मुलं खराब करतील" म्हणून खोलीला कुलूप. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. यंत्र मुलांनी हाताळावं म्हणूनच आलं होतं.

मशीन एकदा येतं, इंटरनेटचा पैसा मात्र दर महिन्याला लागतो. घराघरातल्या योजना बहुतेक तिथंच मोडतात. अमेरिकेत १९९६ च्या दूरसंचार कायद्यातून 'ई-रेट' आला: शाळांना आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या बिलात २० ते ९० टक्के सवलत, जितकी गरीब मुलं जास्त तितकी सवलत जास्त. हा पैसा लोकांच्या फोन बिलातूनच गोळा होतो. पण ही सवलत मुळात शाळेच्या भिंतींच्या आतली. घरासाठी कोरोनानंतर महिना ३० डॉलरपर्यंतची वेगळी मदत सुरू झाली, दोन कोटींहून जास्त घरांनी ती घेतली, आणि २०२४ मध्ये निधी संपल्यावर ती बंद पडली. ज्या घरानं त्या भरवशावर कनेक्शन घेतलं होतं, त्याला पुढच्या महिन्यापासून पूर्ण बिल. कॅलिफोर्नियातल्या कोचेला व्हॅलीच्या डिस्ट्रिक्टनं त्याच्याही बऱ्याच आधी वेगळी वाट काढली होती: शाळेच्या बसवर वायफायचं यंत्र बसवलं आणि रात्री ती बस वस्तीत उभी करायची. मुलं घरातून, अंगणातून जोडायची.

आपल्याकडंही असा निधी आहे, हे फार कमी पालकांना माहीत असतं. दूरसंचार कंपन्या त्यांच्या समायोजित महसुलाचे ५ टक्के सरकारकडं भरतात. त्या निधीला आता 'डिजिटल भारत निधी' म्हणतात, आणि भारतनेट या सरकारी योजनेची फायबर त्यातूनच ग्रामपंचायतीपर्यंत येते. म्हणजे तुमच्या-आमच्या रिचार्जचा एक हिस्सा त्यात आहेच. अडचण पंचायतीच्या कार्यालयापासून घरापर्यंतच्या शेवटच्या तुकड्याची असते. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये 'पीएम-वाणी' मंजूर झाली: किराणा दुकानदार, चहावाला, कुणीही परवाना शुल्क न भरता आपल्या दुकानातून वायफाय देऊ शकतो, आणि गिऱ्हाईक दहा-वीस रुपयांत हवं तेवढं घेऊ शकतं. मला यासाठी सोलापूरजवळच्या कुंभारीचं रे नगर डोळ्यांसमोर येतं. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत, त्यातली पहिली सुमारे १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. एकाच वेळी राहायला आलेली, एकाच प्रकारच्या मजुरीवर जगणारी, भिंतीला भिंत लागून असलेली घरं. एका कनेक्शनचा खर्च दहा घरांत वाटायला याहून सोयीची वस्ती कुठली मिळणार?

तोवर फोनचा हॉटस्पॉट. दिवसाला दीड-दोन जीबी मिळतात आणि साध्या दर्जाच्या व्हिडिओला तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी लागतो. हिशेब बसतो, पण एक गोष्ट आधी करा. विंडोजवाला लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला की तो गुपचूप स्वतःचे अपडेट उतरवायला लागतो आणि अर्ध्या तासात दिवसाचा डेटा संपतो. घरी भांडण होतं, दोष मुलाला मिळतो. वायफायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू केलं की हे थांबतं. आणि सगळं ऑनलाइन बघायची गरजही नसते. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. ती आणि जुन्या प्रश्नपत्रिका शाळेत एकदा उतरवून पेनड्राइव्हवर दिल्या तर वर्षभराचा बराचसा अभ्यास बिनइंटरनेटचा होतो.

दुरुस्ती हा सोलापुरात स्वतंत्र विषय आहे. ज्या घरात किंवा शेजारी माग चालतो तिथं सुताची बारीक धूळ हवेत असते. ती लॅपटॉपच्या पंख्यात बसते, वर एप्रिल-मेचं ऊन, पत्र्याचं छत. यंत्र तापतं, आपोआप बंद पडतं, आणि घरचे समजतात बिघडलं. बऱ्याचदा मागची पाटी काढून मऊ ब्रशनं पंखा साफ केला की पुरतं. पण ते करणारं माणूस जवळ हवं. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये २००० पासून 'फ्री गीक' नावाची संस्था हेच करत आली: या, काही तास जुनी यंत्रं दुरुस्त करायला शिका, आणि एक घरी घेऊन जा. आपल्याकडं आयटीआय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथल्या मुलांना हाताला काम हवं असतं. महिन्यातल्या एका रविवारी शाळेच्या वर्गात टेबल मांडून बसले तर वस्तीतली निम्मी यंत्रं चालू राहतील.

कॉम्प्युटर दिला की मार्क वाढतात का? प्रामाणिक उत्तर: नुसता देऊन नाही. पेरूमध्ये मुलांना लाखो स्वस्त लॅपटॉप दिले, आणि २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात गणित-भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. रोमानियात गरीब घरांना कॉम्प्युटरसाठी २०० युरोची व्हाउचर दिली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की मुलांचं कॉम्प्युटरचं कौशल्य वाढलं पण शाळेतले गुण थोडे घसरले, कारण बराच वेळ गेममध्ये जात होता. ज्या घरात आईवडिलांनी अभ्यासाचे नियम घातले होते तिथं नुकसान कमी होतं. विडी वळत असलेल्या आईला कॉम्प्युटर येत नसला तरी चालतं. स्क्रीन भिंतीकडं न ठेवता तिच्याकडं तोंड करून ठेवायची, एवढं तिला सांगा. आणि शिक्षकांनी आठवड्याला एक तरी काम असं द्यावं जे त्या यंत्रावरच करावं लागेल.

शिक्षकांबद्दल मला काळजी वाटत नाही. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. १० लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. त्याच वर्षी आपल्या सोलापूरच्या नीलमनगरात, मुलांकडं फोन नाहीत म्हणून, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुलं गल्लीतून जाता-येता उजळणी करायची. इच्छा, कल्पकता, माणसं, सगळं इथं आहे.

सुरुवात कुठून करायची, ते सांगते. शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. तुम्ही समितीवर असाल तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी घालायला सांगा. जाताना साधी यादी न्या: वर्गात किती घरांत लॅपटॉप आहे, किती घरांत फक्त एकच फोन, तो फोन दिवसा घरी असतो की कामावर, आणि महिन्याला ५०० रुपयांचा हप्ता किती जणींना झेपेल. शाळेत बंद खोलीत कॉम्प्युटर असतील तर किल्ली कुणाकडं असते, तेही विचारा. ठराव झाला तर तो इतिवृत्तात तुमच्यासमोर लिहून घ्या, आणि सही करायच्या आधी एकदा मोठ्यानं वाचून घ्या.